पस्तीसचं भोक

सर मशीनपाशी उभे राहायचे ते चपला काढून. कारखान्यात पायाखाली काय नसायचं? भुसा, खिळे, सनमायकाच्या धारदार चिपा. सगळे कारागीर जाड तळाच्या चपला घालून वावरायचे आणि हा साठी ओलांडलेला माणूस देवळात आल्यासारखा अनवाणी. मशीनसमोर त्यांनी एक लांबच लांब लाकडी फळी टाकून घेतली होती, शेडच्या दारापासून थेट मशीनपर्यंत. तिच्यावर पाय रोवायचे, रुमालाने कपाळ पुसायचं आणि मगच बटण दाबायचं. कारागीर म्हणायचे, सर हत्याराला मान देतात. मलाही ते पटलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी भक्तिभावाने चपला काढून शेडमध्ये हिंडले आणि संध्याकाळी तळपायातली चीप काढून घ्यायला कोठी भागातल्या दवाखान्यात जाऊन बसले.

कारखाना हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत होता. कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याची एक लांब शेड, तिच्या तोंडाशी काचेची एक खोली, त्या खोलीत मालकांचं टेबल आणि माझा ड्रॉइंगचा बोर्ड. परदेशी माल नुकता बाजारात दिसू लागला होता. केबलवर लोकांना गुळगुळीत स्वयंपाकघरं दिसायला लागली होती आणि ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या फडताळाला कडी लावून काम भागत होतं, ते आता येऊन सांगायचे, बाहेरून बिजागरी दिसता कामा नये. त्यासाठी नवा कब्जा, म्हणजे बिजागरीच, आला होता. कारागीर त्याला ऑटो कब्जा म्हणत. तो आत लपून बसतो आणि दार जरा ढकललं की स्वतःच ओढून घेतो. पण तो बसवायला कपाटाच्या दाराला पाठीमागून गोल भोक पाडावं लागतं, पस्तीस मिलिमीटर रुंद, आणि आरपार नाही. साधारण दोन तृतीयांश खोल जायचं आणि थांबायचं. सगळी कला त्या थांबण्यात आहे.

हे थांबणं आमच्याकडे फक्त सरांना जमायचं. सरकारी प्रशिक्षण शाळेत तीस वर्षं त्यांनी सुतारकाम शिकवलं होतं. आमचे मालक त्यांचेच विद्यार्थी. सर निवृत्त झाल्यावर मालकांनी त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं ते या एका कामासाठी. कपाटाच्या दाराला आमच्याकडे पल्ला म्हणत. दिवसभर पल्ले यायचे, सर भोकं पाडायचे, पल्ले जायचे. दुसऱ्या कोणी मशीनला हात लावायचा नाही.

मशीनला भोकाची खोली ठरवून देणारा एक अडसर असतो, स्टॉपर. तो लावला की बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं, ठरल्या मापाखाली उतरतच नाही. सरांनी तो काढून खणात टाकला होता. फळ्या एकसारख्या जाडीच्या येत नाहीत, अठरा मिलिमीटरची म्हणून दिलेली कधी सोळाची निघते, मग लोखंडाला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पद्धत वेगळीच होती. पल्ला दोन लाकडी घोड्यांवर पालथा ठेवायचा, उजव्या हाताने मशीनचा दांडा खाली ओढायचा आणि डावा तळवा पल्ल्याच्या खाली, अगदी बिटाच्या समोर, टेकवून धरायचा. लाकूड पातळ होत आलं की तळव्याला ऊब लागते, थरथर बदलते, तिथे थांबायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खाली वाकून परत बघितलं. म्हटलं, सर, बिट आरपार आला तर? तर पल्ल्याच्या आधी मला कळेल, असं म्हणून त्यांनी तळवा उघडून दाखवला. त्यात तीन बारीक पांढरे ठिपके होते. तीस वर्षांत तीन, एवढंच ते म्हणाले, आणि तो हिशेब मला वाईट वाटला नाही.

अठराच्या फळीत साडेबारा खोल गेलं की मागे साडेपाच मिलिमीटर उरतं. हे साडेपाच त्यांनी आयुष्याला लावून टाकलं होतं. कुणी कुणाच्या घरातलं फार खोदून विचारायला लागला की सर तिथूनच म्हणायचे, "साडेपाच राहू दे रे." कारागिरांत एखादं भांडण चिघळलं, कोणी कोणाची आईबहीण काढायच्या बेतात आला, की "साडेपाच, साडेपाच" असं म्हणत ते मध्ये जाऊन उभे राहायचे. तेलुगू बोलणारा असो की दखनी, त्या एका मराठी शब्दाचा अर्थ शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. माझं लग्न कधी, असं मालकांच्या ओळखीच्या एका बाईंनी मला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीसुद्धा तोच शब्द वापरला. बाईंना कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

सर बोलायचे खूप, आणि मोठ्याने. परभणीकडचं गाव, तिथून वडील निजामाच्या रेल्वेत खलाशी म्हणून आले ते, प्रशिक्षण शाळेतल्या साहेबांच्या गमती, सागवान आणि शिसवीचे स्वभाव. शेडमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे हे सगळं माझ्या वाट्याला यायचं. मधेच मी काही विचारलं तर मात्र ते आपली गोष्ट तशीच पुढे नेत. फोन वाजला तर उचलत नसत. दुरून कोणी हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. मी मनात म्हणायचे, जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, याला ऐकून घ्यायची सवय राहिलीय कुठे? माझे दोन मास्तर अगदी असेच होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे भोकांचा कागद. मी डिप्लोमा करून आलेली, रेघ सरळ मारता येते म्हणून हवेत असलेली. स्वयंपाकघराचं चित्र आपण समोरून काढतो, गिऱ्हाईकाला ते तसंच दिसतं. पण भोक पाडायचं पाठीमागून. पल्ला पालथा पडला की डावं ते उजवं होतं. म्हणून भोकांचा कागद कायम पाठीमागून बघून काढायचा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पाठ म्हणवून घेतलं. "पोरी, ही चूक सगळे करतात, पण एकदाच करतात," असं ते म्हणाले. मला वाटलं, मी कशाला करतेय.

एकदा त्यांनी मला घरी जेवायला नेलं. नल्लकुंट्याला दोन खोल्यांचं घर, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि स्वयंपाकघर बघून मी चक्रावलेच. हैदराबादेतल्या निम्म्या नव्या स्वयंपाकघरांना दारं बसवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात एकाही कपाटाला दार नव्हतं. डबे, ताटं, लोणच्याच्या बरण्या, सगळं उघड्यावर. मी थट्टा केली तर सर म्हणाले, दार उघडलं की माणूस दारामागे जातं, मला ते आवडत नाही. काकू नुसत्या हसल्या. त्या सरांशी बोलायच्या ते नेहमी समोर येऊन, हातातलं काम टाकून, त्यांच्या मनगटाला हात लावून. भात वाढू का एवढं विचारायलासुद्धा त्या चुलीपासून उठून समोर यायच्या. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली. मी घरी येऊन आईला सांगितलं की प्रेम बघायचं असेल तर नल्लकुंट्याला जा. आई म्हणाली, तुझ्या बाबांना सांग.

बाबांना मात्र माझी नोकरी पसंत नव्हती. मुलीने बँकेत नाहीतर शाळेत जावं, सुतारांच्या शेडमध्ये कशाला, हे ते रोज जेवताना एकदा तरी बोलायचे. मी वर्षभर टिकून दाखवते अशी पैज मारली होती. काही गडबड झाली की घरी बसायचं आणि येणारी स्थळं बघायची, हे न बोलता ठरलेलं होतं. त्या वर्षातले नऊ महिने पार पडले होते.

दहाव्या महिन्यात नल्लकुंट्यातल्याच एका मोठ्या घराचं काम आलं. घरात लग्न होतं, त्याआधी स्वयंपाकघर नवं हवं होतं, आणि प्रत्येक पल्ल्यावर मोर हवा होता. मायका कापून बसवलेले मोर, दोन-दोन समोरासमोर. साधा पल्ला असता तर एक सोय असते. भोकं चुकून दुसऱ्या बाजूला पडली तरी पल्ला वरचा खाली फिरवला की काम भागतं. इथे तसं केलं असतं तर मोर डोक्यावर उभे राहिले असते. चौदा पल्ले होते. त्यातले तीन उंच कपाटाचे, सागाच्या एकाच पातळ पापुद्र्याने मढवलेले, एकाची रेषा दुसऱ्यात जाणारी. तसा पापुद्रा परत मिळणार नव्हता. मालक ते तीन पल्ले येता-जाता बघून जायचे.

घाई होती. मी गिऱ्हाईकाला दाखवलेलं चित्र समोर ठेवलं, त्यावरून भोकांची मापं उतरवली, कोपऱ्यात माझी सही केली आणि सकाळी कागद सरांना देऊन आले. दुपारी डबा खाऊन बोर्डापाशी बसले आणि भिंतीवरच्या चित्राकडे सहज बघितलं. मी समोरून बघून कागद काढला होता.

मी धावत सुटले. कारागीर बाहेर झाडाखाली जेवत होते, बाकीची मशीनं बंद होती. शेडमध्ये सर एकटे, भिंतीकडे तोंड करून, आणि मशीनची साधी घरघर. अकरा पल्ले एका बाजूला रचून झाले होते. उंच तीन पल्ल्यांतला पहिला घोड्यांवर चढला होता. मी दारातून ओरडले, सर थांबा. त्यांनी दांडा ओढला. मी फळीवरून धावत त्यांच्या पाठीशी गेले आणि परत ओरडले. मशीन भिंतीला लागून, समोर जायला जागा नाही. त्यांना हात लावायची सोय नाही, कारण तळवा पल्ल्याखाली, ते दचकले असते तर बिट त्यांच्या हातात गेला असता. मेन स्विच बंद करता येतो, पल्ला बदलताना त्यांचा हात मोकळा होतो, हे मला घरी गेल्यावर सुचलं. मी दोन हातांवर मागे उभी राहून त्यांचं नाव घ्यायचं सोडून सगळ्या हाका मारल्या. पुढचे दोन पल्ले त्यांच्या हाताशी भिंतीला टेकवलेले, मान न वळवता त्यांनी तेही चढवले. तीन पल्ले, सहा भोकं. एकही तसूभर जास्त खोल नाही. शेवटचं झाल्यावर त्यांनी बटण बंद केलं, वळले आणि माझा चेहरा बघून त्यांचाही चेहरा उतरला.

त्या क्षणी मला सगळं कळलं. फोन, हाका, दारं नसलेली कपाटं, समोर येऊन बोलणाऱ्या काकू. इतकी वर्षं रंध्याच्या नि करवतीच्या मशीनपाशी काढली की कानांचं काय होणार? मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांची इतकी दया आली की माझ्या चुकीची भीतीसुद्धा क्षणभर विसरले.

मालक आले. सरांनी मला बोलूच दिलं नाही. मी पल्ले उलटे धरले, चूक माझी, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तीस वर्षं पोरांना जी चूक करू नका म्हणून बजावलं ती त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. पण मालकांच्या हातात माझा सहीचा कागद होता आणि ते सरांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी कागद बघितला, पल्ले बघितले आणि माझ्याकडे वळले. मी चूक कबूल केली. कधी लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. उंच पल्ल्यांच्या आधी, असं माझ्या तोंडून गेलं.

"फिर आवाज कैकू नहीं दिए?" मालक म्हणाले.

सर माझ्याकडे बघत होते. मालकांची पाठ त्यांच्याकडे, म्हणजे प्रश्न त्यांना कळला नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर माझी निम्मी चूक कमी झाली असती. आणि ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाला मालकांनी चालत्या मशीनपाशी, बिटाखाली हात घालून, दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं. हार घालून, शाल देऊन घरी पाठवलं असतं.

"नहीं दी," मी म्हटलं. "डर गई थी."

मालक रागीट नव्हते, पण ते तीन पल्ले त्यांच्या जिवाला लागले होते. बघूनही गप्प बसणारी मुलगी त्यांना नको होती. उद्या वडिलांना घेऊन ये, एवढंच त्यांनी सांगितलं. शाळेतल्यासारखं. त्याचा अर्थ मला कळला.

संध्याकाळी सर माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आले. रोज ते दुसऱ्या बाजूने जात. माझ्या एक पाऊल पुढे चालत राहिले. मग थांबले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू हाका मारल्या होत्यास," ते म्हणाले.

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मला ऐकू आल्या नाहीत. पण तू धावत आलीस ते पायांना कळलं. फळी हलली. अनवाणी उभा राहतो तो त्यासाठीच. कोणी मागून आलं की समजावं म्हणून." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "पहिल्या पल्ल्यालाच समजलं होतं, पोरी. वळलो असतो तर तू म्हणाली असतीस, इतकी ओरडत होते, ऐकू नाही आलं का. म्हणून वळलो नाही. म्हटलं, काही घाईचं नसेल."

मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. माझी चूक अकरा पल्ल्यांची, ती मी केलीच होती. पण हे तीन त्यांना वाचवता आले असते. मग मला आठवलं की मालकांनी विचारल्यावर मीही तेच झाकलं होतं जे ते झाकत होते. बस आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते अजून तिथेच उभे होते, निघालेल्या बसला हात करत.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना जिंकल्याचाही आनंद झाला नव्हता बहुतेक. काचेच्या खोलीत आम्ही बसलो. मालकांनी चहा मागवला आणि बोलायला सुरुवात करणार, इतक्यात सर आत आले. चपला घालून. त्यांच्यामागे दारात चार कारागीरही येऊन उभे राहिले, कारण सरांनी येताना त्यांनाही बोलावलं होतं.

सर मोठ्यानेच बोलले. त्यांचा आवाज मोठा का, हेही मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मालकांकडे बघून म्हणाले, मेरेकु सुनाई नहीं देता. दारातल्या तेलुगू कारागिरांकडे वळून म्हणाले, नाकु विनपडदु. मग बाबांकडे बघून मराठीत, "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुमच्या मुलीने काल मला पाच हाका मारल्या. माझ्यासाठी ती खोटं बोलली."

पाच हाका त्यांनी कुठून मोजल्या कोण जाणे. सात तरी असतील. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते तसं माझ्याकडे आधी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. कारागीर खाली बघत होते. सर हात मागे बांधून उभे राहिले होते, वर्गात शिक्षा व्हायची वाट बघणाऱ्या मुलासारखे, आणि ज्याने शिक्षा द्यायची तो त्यांचाच विद्यार्थी होता. मला रडू येत होतं आणि बाबांसमोर रडायचं नव्हतं.

मालक कितीतरी वेळ कपाची कड बोटाने पुसत राहिले. मग मान खाली घालूनच काहीतरी बोलले. सरांना कळणं शक्य नव्हतं. ते तसेच उभे. मालकांनी वर बघितलं, त्यांच्या लक्षात आलं, आणि ते माझ्याकडे वळले. सर से पूछो, म्हणाले, कल आ रहे ना. वो स्टॉपर लगाके, हात ऊपर रखके. और तुम उनके बाजू में खड़े रहना.

मी उठले. खोली एवढीशी, तरी तिच्यात वळसा घालून सरांच्या समोर जाऊन उभी राहिले. आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून विचारलं, सर, मालक विचारताहेत, उद्या येणार ना?

सर जरा मागे सरकले.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "अशी समोर उभी राहून बोललीस की कळतं मला."

मी हळू आवाजात परत विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं, आणि येतो म्हणाले.